ओलं पोतं, कोरडी हवा

माठ घेताना तो वाजवून पाहायचा असतो. डाव्या हातावर तोलायचा आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं टकटक करायचं. खणकन वाजला तर नीट भाजलेला, भद्द वाजला तर कुठंतरी चीर गेलेली. मला आवाजातलं फारसं कळत नाही. पण न वाजवता घेतला तर कुंभारणीला आपण नवख्या वाटू, या धास्तीनं मी दरवर्षी चार माठ वाजवते आणि तिनं हातात दिलेला पाचवा घेते. यंदा सुटे पैसे परत देताना ती म्हणाली, "याले साबन नोको लावजा बाई. तोंडं बुजतेत याचे."

तिला कुठून कळलं कोण जाणे. तीन वर्षांपूर्वी मी नेमकं तेच केलं होतं. नव्या माठाला मातीचा वास येतो म्हणून भांड्यांचा साबण लावून तो आतून-बाहेरून घासला. आठ दिवस पाण्याला साबणातल्या लिंबाचा वास येत राहिला आणि पाणी काही गार होईना. शेवटी त्या माठात तुळस लावली. तुळस मात्र छान आली.

माठाची तोंडं म्हणजे त्याच्या अंगावरची बारीक छिद्रं. कुंभार माती मळताना तिच्यात राख, लीद किंवा भुसा कालवतो. भट्टीत त्यातलं जळण्यासारखं सगळं जळून जातं आणि मागे रिकाम्या जागा राहतात. त्यांच्यातून पाणी झिरपत माठाच्या बाहेरच्या अंगावर येतं आणि तिथून वाफ होऊन उडून जातं. उडायला उष्णता लागते, ती हे पाणी जवळच्यांकडूनच उचलतं, म्हणजे माठातल्या उरलेल्या पाण्याकडून. ही उचल थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी एका अंशानं गार करायला जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते, तिच्या सुमारे ५८० पट उष्णता एक लिटर पाणी उडताना घेऊन जातं. म्हणजे वीस लिटरच्या माठातलं पाणी ३८ अंशांवरून २५ वर आणायचं, तर हिशेबानं जेमतेम अर्धा लिटर पाणी उडालं की झालं. प्रत्यक्षात थोडं जास्त जातं, कारण बाहेरची गरम हवा माठाला सारखी तापवत असते. म्हणून माठ वाळूवर ठेवायचा, वाऱ्याच्या वाटेत ठेवायचा आणि भोवती ओलं पोतं गुंडाळायचं. पोत्यावरून जे पाणी उडतं त्याचीही भर पडते.

आमच्या वर्ध्याचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. दोन उन्हाळे गेले की माठाच्या बाहेरून पांढरे क्षार फुटतात. पाणी उडून गेलं, त्यातलं मीठ मागे राहिलं आणि छिद्रांत जाऊन बसलं. साबणानं एका दिवसात होतं ते क्षारांनी दोन वर्षांत होतं. दर उन्हाळ्याला नवा माठ आणायची रीत आहे, अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं भरायची घागरही नवीच लागते, त्यात परंपरेइतकाच हा व्यवहारही असावा.

पण हे सगळं चालतं ते एका अटीवर. हवा कोरडी हवी. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर ती माठाकडून आणखी घ्यायला तयार नसते. आमच्याकडच्या उन्हाळ्याला लोक नावं ठेवतात, पारा ४५ च्या वर गेला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून ‘जिवंत आहात ना’ असं विचारतात. त्यांना उत्तर द्यायचा मी आता प्रयत्न करत नाही. आमच्या उन्हाळ्यात जी काही बारीकसारीक सुखं आहेत, ती त्या कोरडेपणामुळेच आहेत, हे फोनवर सांगून पटण्यासारखं नाही.

कोरडेपणाचं कारण नकाशात आहे. कुठलाही समुद्र घ्या, अरबी किंवा बंगालचा, वर्ध्यापासून तो पाचशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. एप्रिल-मे मध्ये वारा येतो तो वायव्येकडून, तापलेल्या जमिनीवरून. कापूस केव्हाच घरी आलेला, पऱ्हाट्या उपटून झालेल्या, काळी माती उघडी पडून भेगाळलेली. काळा रंग ऊन शोषतो आणि जमिनीत उडायला ओल उरलेली नसते, त्यामुळे उन्हाची सगळी कमाई तापण्यातच खर्च होते. दुपारी हवेतला दमटपणा १५ टक्क्यांवर येणं ही मे महिन्यातली नेहमीची गोष्ट.

आता एक गंमत. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा आणि वारा घाला. फडक्यातलं पाणी उडेल, पारा उतरेल आणि एका ठिकाणी थांबेल. याला ‘ओल्या फडक्याचं तापमान’ म्हणू या. हवा ४४ अंश आणि दमटपणा १५ टक्के असेल, तर हा पारा २३ च्या आसपास येऊन थांबतो. एकवीस अंशांची उतरण, तीही फुकट. माठ असो, कूलर असो, डोक्यावरचा भिजवलेला दुपट्टा असो, सगळे या २३ च्या दिशेनं धावत असतात. कुणी तिथवर पोचत नाही, पण वाटेत जिथं थांबतात तिथं आमचा संसार चालतो.

कूलरबद्दल लिहायचं तर विदर्भाच्या माणसानं थोडं उभं राहून लिहायला हवं. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, मधे पंखा, खाली पाण्याची टाकी आणि ते पाणी ताट्यांवर सोडणारा मुठीएवढा पंप. ताट्यांत लाकडाचा कीस भरलेला असतो, हौशी माणूस वाळा भरतो. वाळा म्हणजे एका गवताची मुळं. पहिल्यांदा पाणी सोडलं की घरभर जो वास सुटतो, त्यासाठी मी वर्षातून एकदा जास्तीचे पैसे मोजते. किसाच्या ताटीचा वास ओल्या सुतारकामासारखा येतो. तोही वाईट नाही.

एक लिटर पाणी उडताना जी उष्णता नेतं, ती जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी असते. दुपारभरात कूलर चाळीस-पन्नास लिटर सहज पितो. म्हणजे पंखा-पंपाच्या दीड-दोनशे वॉटवर घर गार होतं ते विजेनं कमी आणि पाण्यानं जास्त. आणि इथंच गोम आहे. नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात कूलरची टाकी भरायची की धुणं धुवायचं, यावर वाद होतात आणि बादल्या बहुधा घरातल्या बाईच्याच हातात असतात. दुसरी गोष्ट, कूलर लावल्यावर खिडक्या बंद करून बसणारे लोक मला दर वर्षी भेटतात. तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करून तासाभरात ते खोलीत कोकण तयार करतात. समोरची एक खिडकी उघडी हवी, ओली हवा बाहेर जाऊन कोरडी आत यायला हवी. तिसरी गोष्ट गमतीची नाही. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र असल्यानं कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. पाणी भरताना आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

शरीराचा माठही असाच चालतो. हवा कातडीपेक्षा गरम झाली की वारा आपल्याला गार करायच्या ऐवजी तापवायला लागतो, तेव्हा घाम एवढाच एक उपाय उरतो. मुंबईत घाम दिसतो, कपडे चिकटतात, माणूस त्रासतो. वर्ध्यात घाम आल्याआल्या उडून जातो, अंग कोरडं राहतं आणि आपल्याला घाम येतच नाही असा भ्रम होतो. उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं आणि त्याला ते कळतही नाही. आमच्याकडे ऊन लागतं ते अशा वेळी. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही असं माझी आजी ठाम सांगायची. कांद्याचा त्यात काही हात असल्याचा पुरावा नाही. पण खिशात कांदा घातलेला माणूस बाहेर पडण्याआधी दोनदा विचार करायचा, डोक्याला दुपट्टा बांधायचा, निघताना तांब्याभर पाणी प्यायचा, एवढं मी पाहिलं आहे. कैरीच्या पन्ह्याची गोष्ट वेगळी. त्यात पाणी, गूळ आणि मीठ तिन्ही आहेत, म्हणजे घामावाटे गेलेलं बरंचसं परत येतं. ज्वारीची आंबील तेच काम करते, वर पोटालाही आधार होतो. पन्हं मी चवीसाठी पिते, आंबील कुणी आग्रह केला तरच.

गांधीजी वर्ध्यातल्या मगनवाडीतून जवळच्या सेगावला राहायला आले ते १९३६ च्या ३० एप्रिलला. याच सेगावचं १९४० मध्ये सेवाग्राम झालं. वर्ध्यात राहणाऱ्या माणसाला ही तारीख वाचून पहिला प्रश्न पडतो तो राजकारणाचा नसतो. ३० एप्रिल? उघड्या माळावर? बापूकुटीत मे महिन्यात दुपारी जाऊन पाहा. जाड मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, भोवती पडवी. मातीची भिंत दिवसभराचं ऊन सावकाश पीत राहते आणि ते आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. कवेलूंच्या फटींतून वर चढलेली गरम हवा निघून जाते. पडवीमुळे भिंतीवर थेट ऊनच पडत नाही. आणि गांधीजींच्या निसर्गोपचारात पोटावर, कपाळावर ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवायचं जे एक प्रकरण होतं, त्याची पुष्कळ थट्टा झाली आहे. रोग बरे होण्याचं मला माहीत नाही. पण वर्ध्याच्या उन्हाळ्यात कपाळावर ओली माती म्हणजे कपाळावर माठ. गार वाटणारच.

सगळ्यात जास्त जीव अडकलेला असतो तो वाळवणात. आमच्या घरी कुरडयांचा बेत एप्रिलच्या मध्याला ठरतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास येतो आणि दाणा दोन बोटांत दाबला की पांढरं दूध निघतं. ते वाटायचे, गाळायचे, चोथा बाजूला काढायचा. गाळलेलं रात्रभर स्थिर ठेवलं की सत्त्व तळाशी बसतं आणि वर पिवळट पाणी राहतं. ते पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं. पहाटे पाच वाजता मोठ्या पातेल्यात आधण ठेवून, मीठ-हिंग घालून ते सत्त्व वैरायचं आणि दोघींनी आळीपाळीनं ढवळायचं. एकटीच्या हातानं ते होत नाही, मनगट भरून येतं. बघता बघता दुधासारखं पाणी काचेसारखं चकाकायला लागतं. हा चीक. वाटीत गरम चीक, वर तूप-साखर किंवा कच्चं तेल नि तिखट. वर्षातून एकदाच मिळणारं हे खाणं मी आंब्याच्या वरच्या पायरीवर ठेवते. याबद्दल घरात मतभेद आहेत.

मग सोऱ्या घेऊन गच्चीवर. जुन्या धुतलेल्या लुगड्यावर कुरडयांची चक्रं पडत जातात. सहाला सुरुवात केली तर आठच्या आत आटपायला हवं, नंतर पायाखालची गच्ची चटके देते. मुलांना कावळे हाकलायला बसवायची जुनी पद्धत होती. हल्ली मुलं मोबाइल घेऊन सावलीत बसतात आणि कावळे निवांत येतात. दुपारी तीनच्या सुमारास लुगड्यावर बारीक टकटक ऐकू येते. कुरडया आक्रसतात, कडा उचलल्या जातात आणि कापडापासून त्या आपोआप सुटतात. संध्याकाळी हातात घेऊन एकीवर एक आपटली की काचेसारखा आवाज येतो.

हा आवाज महत्त्वाचा. शिजलेलं पीठ म्हणजे बुरशीची पंगतच. ती जमायच्या आत पाणी काढून घेता आलं पाहिजे. १५ टक्क्यांच्या हवेत ते एका दिवसात जमतं, दमट हवेत तीन-चार दिवस लागतात आणि तोवर आंबूस वास पक्का होतो. पूर्ण सुकल्यासारखी दिसणारी कुरडई आतून अगदी ठणठणीत कोरडी मात्र नसते, थोडं पाणी पिठाच्या जाळ्यात अडकून राहिलेलं असतं. तापल्या तेलात पडताच त्या पाण्याची एकदम वाफ होते, ती मऊ पडलेल्या पिठाला आतून फुगवते आणि कढई भरून जाते. त्या फुगलेल्या कुरडया, पिवळाधमक आमरस, पोळी, कुणाकडे काडीवर वळलेले सरगुंडे. लेकी-जावयांना रसाला बोलवायचे दिवस. आंब्याला गावाकडे माच घातलेला असायचा, गवतात थरावर थर. त्या खोलीत शिरायला आम्हांला बंदी होती आणि अर्थातच आम्ही तिथंच असायचो.

नदीच्या पात्रातलं डांगर आता कमी दिसतं. डांगर म्हणजे खरबूज, आमच्याकडचा शब्द. वर्धा नदीचं पाणी आटलं की वाळूत डांगरवाड्या लागायच्या. वरची वाळू भाजून निघालेली असली तरी कोपरभर उकरलं की खाली ओल लागते. वरचा कोरडा थर खालच्या ओलीला उडू देत नाही, झाकणासारखा बसतो आणि वेलाचं मूळ त्या झाकणाखाली जाऊन पाणी पितं. वाळू उपसून नेली की झाकणही जातं नि ओलही जाते. नंतर पात्रात उरतात ते ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांचे खड्डे.

बोरच्या जंगलातही याच आटण्यावर एक रात्र उभी राहते. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राणी पाहायचे, नोंदवायचे. जंगलात इतरत्र पाणी उरलेलं नसतं म्हणूनच सगळे तिथं येतात. चंद्रप्रकाश असतो, पण हातातली बाटली उघडायचा आवाजही करायचा नसतो. मी एकदाच बसले. पहाटेपर्यंत रानडुकरं, एक सांबर आणि असंख्य डास एवढी नोंद झाली.

मे महिन्याच्या २३-२४ तारखेला भर दुपारी, सव्वाबाराच्या जरा आधी, आमच्या अंगणात दरवर्षी एक खेळ होतो. वर्ध्याचा अक्षांश साधारण पावणेएकवीस. उत्तरेकडे सरकणारा सूर्य या दोन दिवसांत नेमका आमच्या डोक्यावर येतो. पाण्याचा तांब्या अंगणात ठेवायचा आणि त्याची सावली आक्रसत आक्रसत बुडाखाली जाताना पाहायची. मिनिटभर तांब्याला सावलीच नसते. मग ती दुसऱ्या बाजूनं बाहेर डोकावते. लगेच, २५ मेच्या सुमारास, सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो, उन्हाळ्याचे सगळ्यात कडक मानले जाणारे नऊ दिवस. हा खेळ पाहायला मी अनवाणी उभी राहिले होते एकदा. पुन्हा नाही.

रात्र गच्चीवर. संध्याकाळी सहाला स्लॅब तव्यासारखा असतो, त्यावर दहा-बारा बादल्या पाणी मारायचं. पहिल्या बादलीला चर्रर्र आवाज येतो आणि कडेच्या कुंड्यांतून मातीचा वास उठतो. या वासाला १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा त्यात मोठा वाटा असतो. आमच्याकडे या वासाला नाव नाही. नुसता ‘वास आला’ म्हटलं की पुरतं.

नऊपर्यंत गच्ची निवते. गाद्या पडतात, उशाला सुरई येते. आता गार करायचं काम पाण्याकडून आकाशाकडे जातं. तापलेली प्रत्येक वस्तू न दिसणारे उष्णतेचे किरण सोडत असते. हवेत वाफ किंवा ढग असले तर ते किरण अडवतात आणि अर्धेअधिक परत पाठवतात, गोधडीसारखे. आमच्या कोरड्या आभाळात ही गोधडी विरलेली असते, त्यामुळे गच्चीची उष्णता सरळ वर निघून जाते. खाली खोलीतल्या भिंती मात्र अजून दुपारच्याच असतात.

मेच्या मध्याला रात्री अकरा वाजता पाठीवर पडलं की स्वाती तारा अगदी डोक्यावर येतो, मान वळवायची गरज नाही. उत्तरेला सप्तर्षी, आग्नेयेला वृश्चिक वर चढत असतो आणि त्यातली ज्येष्ठा लालसर दिसते. आजीला फक्त ‘खाटलं’ ओळखता यायचं, सप्तर्षींच्या पहिल्या चार ताऱ्यांचं. त्याला चोरानं दोरी बांधली आहे, अशी काहीतरी गोष्ट ती सांगायची आणि गोष्टीच्या मधेच झोपायची. पहाटे चारला कुणीतरी झोपेतच चादर अंगावर ओढतं. आदल्या दुपारी ४५ होते हे त्या क्षणी खोटं वाटतं.

मग मृग येतो. पाऊस पोचायला जूनचा मध्य उजाडतो, पण हवा त्याच्या आधीच फितूर होते. पारा ३६ वर आलेला असतो, सगळे म्हणतात उतरला, आणि कूलर लावला की खोलीत नुसती चिकचिक. दमटपणा ६५ टक्क्यांवर गेलेला असतो, ओल्या फडक्याचा पारा आता ३० च्या खाली उतरायला तयार नसतो. माठातलं पाणी कोमट. डब्याचं झाकण सैल राहिलेल्या कुरडया हातात घेतल्या तर आवाज देत नाहीत, तेवढ्या पुन्हा एकदा उन्हात घालाव्या लागतात आणि ऊन असतं ढगाआड.

आईला हा दिवस हवामान खात्याच्या आधी कळतो. मे महिन्यात फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवली तर ती जेमतेम धूसर होते, दोन मिनिटांत पुन्हा स्वच्छ. जूनमध्ये एका सकाळी तीच बाटली ठेवली की तिच्या अंगावरून ओघळ येतात आणि टेबलावर गोल तळं साचतं. आई ते फडक्यानं पुसते, बाहेर कडक ऊन पडलेलं असतं, आणि म्हणते, "कूलर बंद कर. आणि ते पोतं सोड माठाचं, नाहीतर बुरशी येईल त्याला."